धोमच्या काठावरचं कन्यादान

अण्णाला त्याच्या मुलीचं कन्यादान करू दिलं नाही, ते तिच्या सासरच्यांनी नव्हे. मी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शालनला, माझ्या बायकोलाही नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. औंधाजवळचं आमचं गाव उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं, आणि हा गडी नौदलात खलाशी. सुट्टीवर आला की पोरं समुद्राचं विचारायची. "लय पानी रं," तो म्हणायचा, "पन एक घोट पिता येत न्हाई. त्यापरास आपला टँकर बरा."

त्याची सायली दुसरीत असताना वहिनी गेली. अण्णा पेन्शन घेऊन कायमचा गावी आला. दुसरं लग्न कर म्हणून आत्यानं जीव खाल्ला. "माझी ड्यूटी लागलीया, आत्या. बदली मागनार न्हाई," एवढंच तो बोलायचा. सकाळी उंबऱ्यावर बसून सायलीची वेणी घालायचा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "तीन पेडी दोरच की ह्यो. वळायला काय लागतंय?" शाळा सुटेपर्यंत ती वेणी हलायची नाही. सायली ओरडायची, "अण्णा, मी काय जहाज हाय का बांधून ठेवायला?"

तिचं लग्न वाईच्या मुलाशी ठरलं. धोम धरणाच्या काठावर, हिरवळीवर करायचं ही तिची हौस. बापाची नोकरी लग्नात कुठंतरी दिसावी, पण ओरडू नये, असं ती म्हणायची. सजावटवाल्यानं थर्माकोलचा जहाजाचा मोठा नांगर आणि लाल-पांढरं तरंगतं कडं आणलं. अण्णानं ते न्याहाळलं. "हे कडं बुडनाऱ्याला टाकत्यात, बाबा. लग्नात कशाला?" दोन्ही वस्तू टेम्पोतून परत गेल्या. राहिलं ते थोडकंच. पांढरी कनात, तिला निळी किनार. खुर्च्यांच्या रांगांना सुती दोराच्या गाठी, सगळ्या अण्णाच्या हातच्या. आणि शिडाच्या जाड कापडाचा अंतरपाट, तोही त्यानंच शिवलेला. आत्या म्हणाली, "पताका न्हाई, बँड न्हाई. लगीन हाय का परेड?"

"परेडच. तुमी लाईनीत बसा," अण्णा म्हणाला. वहिनी गेल्यापासून मी त्याला इतका खुशीत पाहिला नव्हता.

आमच्यात विधुराला कन्यादानाला बसायचं असेल तर बायकोच्या जागी सुपारी कमरेला खोचतात. नाहीतर भाऊ-भावजय बसतात. अण्णानं गुरुजींना आधीच विचारून ठेवलं होतं. सुपारी रुमालात बांधून आणली होती. सकाळी गाठ सोडून मला दाखवली. "तुझी वहिनी," म्हणाला.

आम्हाला मूल नाही. भावकीतल्या प्रत्येक लग्नात शालन आणि मी सामानाच्या खोलीची किल्ली सांभाळलेली. एकदा तरी पाटावर जोडीनं बसावं, लोकांनी बघावं, एवढंच मनात होतं. एवढंच म्हणतोय, पण ते एवढंसं नव्हतं. मुहूर्ताच्या जरा आधी मी अण्णाला बाजूला घेतलं. "व्याह्यांचं म्हणणं पडलंय, जोडप्यानं बसावं. सुपारीचं त्यांना चालत नाही." व्याही बिचारे सकाळपासून मला फक्त जेवणाची वेळ विचारत होते.

वाटलं, हा तरातरा त्यांच्याकडं जाईल आणि मी तिथंच उघडा पडेन. पण 'ऑर्डर आली की सवाल न्हाई' हे त्याचं आयुष्यभराचं.

"त्येच म्हनले?"

"व्हय."

तो थोडा वेळ कनातीची दोरी चाचपत राहिला. "मग तू बस. आपल्यापायी पोरीला पहिल्या दिवशी सासुरवास नगं."

मंगलाष्टकं झाली. सायलीचा हात मी हातात धरला, शालननं वरून पाण्याची धार सोडली. अण्णा कनातीबाहेर धरणाकडं तोंड करून उभा होता, हात पाठीमागं बांधून. सायलीनं हळूच विचारलं, "काका, अण्णा का बसले नाहीत?"

"त्यालाच नको वाटलं गं," मी म्हणालो.

एक खोटं त्याला, एक तिला. दोन्ही टिकली. अण्णा वाईला तिच्या घरी कधी गेला नाही. "ज्यांना माझी सुपारी चालली न्हाई, त्यांच्यात चहा प्यायला जाऊ व्हय?" असं मला म्हणायचा. मलाच. बापानं आपल्याला टाकलं असं समजून सायलीचंही माहेरी येणं कमी होत गेलं, मग थांबलं. मी राहायला माधवनगरला; तिथून दर दिवाळीला दोघांनाही फोन करून खुशाली विचारायचो.

गेल्या पावसाळ्यात अण्णा साताऱ्याच्या दवाखान्यात होता. मी विचारलं, "सायलीला बोलवू?"

"नगं. तिच्या घरात उगं तरास व्हईल."

खोलीत आम्ही दोघंच होतो. बोलता आलं असतं. मी त्याला चमच्यानं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला सायली माझ्याशेजारी येऊन बसली. "काका, माझं काय चुकलं, ते तरी कधी सांगितलं का त्यांनी?" मी मानेनंच नाही म्हटलं.

तिला एवढं सांगायचं देणं मी लागतो: तुझ्या बापाला पाटावर बसायचं होतं. तुझ्या सासरच्यांनी कधीच नको म्हटलं नाही. नको म्हणणारा मी होतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही.