पारावरची पाळी

३ नोव्हेंबर १९९२. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कोटाला मी बटण लावत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं होतं. भाऊबिजेला धुळ्याहून पिंप्राळ्याला आले, की एवढं काम उरकूनच मी परतत असे.

कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. एरवी थंडी पडली की तो कोट घालून आबा रोज सकाळी मारुतीच्या पारावर जायचे. तिथे पाच-सहा पेन्शनर जमत. आई गेल्यापासून आबांचं बोलणं काय ते तेवढंच. यंदा कोट ट्रंकेतच कसा, असं विचारलं, तर म्हणाले, गुडघा दुखतो. थोड्या वेळापूर्वीच ते स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होते. मी तसं म्हटल्यावर खरं कारण सांगितलं.

पेन्शनीत महागाईची वाढ मिळाली की पाळीपाळीने एकाने सगळ्यांना शेव, जिलबी, चहा द्यायचा, असा पारावरचा रिवाज. सुरू केला आबांनीच, शाळेतल्या मास्तरकीतून नव्याने निवृत्त झाले तेव्हा हौसेने. या वेळी पाळी त्यांची होती. वाढ मिळाली, पण दूध आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या आधीच महागल्या होत्या.

मी म्हटलं, जिलबीचे पैसे मी देते.

"ती पेन्शनीची जिलबी असते," आबा म्हणाले. "लेकीच्या पगाराची नाही."

मग नुसता चहा द्या, म्हटलं. तर म्हणे, पारावरचा तो कंडक्टर आयुष्यभर चिडवेल, मास्तर गणितात नापास झाला. मला रागच आला. जिलबीपायी माणसं तोडता का, असं जरा जोरातच विचारलं.

"तोडली नाहीत गं. तोंड चुकवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच पारावर गेले. आबांची अडचण सरळ सांगून टाकायची, असं ठरवलं होतं. पारावर ते निवृत्त कंडक्टर तेवढे होते, मफलर गुंडाळून बसलेले. बाकीचे कुठे, विचारलं.

"बठ्ठासनाच गुडघा दुखतस, बेटी," ते म्हणाले. सगळ्यांचेच गुडघे दुखत होते तर. मग जरा हसले. "मास्तर उना नही, म्हनीसन मनी पाळी बी उनी नही. बरंच व्हयनं." आबा आले नाहीत, म्हणून त्यांच्यानंतरची यांची पाळीही टळली होती.

त्यांचाही दाखला द्यायचा राहिला होता. मी म्हटलं, काका, आमच्याबरोबर रिक्षात चला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मास्तरला वाटेल, जिलबी मागायला आला, म्हणाले.

मी घरी आले. पारावर गेल्याचं आबांना सांगितलं नाही. रिक्षा आली तेव्हा रिक्षावाल्याला म्हटलं, मारुतीच्या पारावरून नको, मागच्या रस्त्याने घ्या. लांब पडेल, तो म्हणाला. पडू दे, म्हटलं आणि आबांना हात देऊन आत बसवलं.