ताईची डावी बाजू

कारखान्यात त्याला सगळे फुंक्या म्हणायचे. प्रयोगशाळेत लागणारे काचेचे चंबू तो तोंडाने फुंकायचा. पाच लिटरचा चंबू एका दमात गोल गरगरीत करणारा तो एकटाच. म्हणून ताईची फुप्फुसं निकामी झाली आणि डॉक्टरांनी दोन माणसांच्या फुप्फुसांचा एकेक तुकडा मागितला, तेव्हा हा छाती पुढे काढूनच गेला. डावीकडे ह्याचा तुकडा बसला, उजवीकडे भावजींचा. भावजी म्हणजे ताईचा नवरा, जन्मभर खुर्चीत बसून अर्ज तपासणारा माणूस!

ताई वाचली. ह्याचा मात्र दम गेला तो गेलाच. दोन लिटरच्या वर चंबू फुगेना, तेव्हा मुकादमाने त्याला पॅकिंगला बसवलं. दुसऱ्यांनी फुंकलेल्या चंबूंना कागद गुंडाळायचं काम. "ताई श्वास घेते ना, झालं तर मग!" असं तो सगळ्यांना सांगायचा. ताईही दर भेटीत डाव्या बरगडीवर हात ठेवून म्हणायची, "फुंक्या, तुझाच जोर आहे बघ." त्या एका वाक्यावर त्याने तीन वर्षं कागद गुंडाळला.

परवा भावजींना रजा मिळाली नाही, म्हणून ताईबरोबर तपासणीला हा गेला. डॉक्टरबाई नवीन होत्या. त्यांनी पडद्यावर छातीत हवा कुठे पोचते त्याचं चित्र दाखवलं. उजवी बाजू उजळलेली, डावी काळीकुट्ट.

"डावा तुकडा शरीराने नाकारलाय. पंच्याण्णव टक्के काम उजवाच करतो. दोन वर्षं हेच चाललंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याने ताईकडे पाहिलं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली होती. म्हणजे तिला माहीत होतं, भावजींना माहीत होतं, जेवायला बोलावून आधी ह्याला वाढणाऱ्या अख्ख्या घराला माहीत होतं. असली दया नको रे बाबा! त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"चालत नसेल तर परत द्या माझं," तो म्हणाला.

"आता त्याचा काही उपयोग नाही हो," डॉक्टरबाईंनी समजूत घातली. "राहू दे आत. काढणंच जास्त धोक्याचं."

ताईला वाटलं, थट्टा करतोय, म्हणजे राग गेला. ती सुटल्यासारखी हसली. खळखळून, लहानपणी हसायची तशी, मध्ये कुठेही न थांबता.

त्याने ते हसणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सगळी हवा भावजींची होती.