लख्ख झाडलेलं वाडगं

कुंझेस आचेला गाव शहाणी म्हणतं आणि मला वेंधळा. त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून जी माती केली, तिच्यात जास्त वाटा कुणाचा, हे मी अजून ठरवतोच आहे.

आचे म्हणजे थोरली बहीण. ती माझी सख्खी नव्हे, अख्ख्या गावाची. नवरा गेल्यापासून तीनशे शेळ्या एकटी सांभाळते. हिवाळ्यात त्यांना लुंगमर ओढ्यापलीकडे नेते, कारण तिथल्या वाऱ्यापुढे बर्फ टिकत नाही आणि गवत उघडं राहतं. ते गवत नसेल तर गाभण शेळ्या वसंत बघत नाहीत. पण ते कुरण कुणाचं? आमचं सरकार म्हणतं आमचं, पलीकडचं म्हणतं त्यांचं, आणि डोंगरावर रेघ कुणीच मारलेली नाही. दोन वर्षं पलीकडचे मेंढपाळ दर थंडीत थोडे अलीकडे तंबू टाकत होते. 

उन्हाळा सरता सरता माझा भाऊ फुंचोक, गावचा मुखिया, मला म्हणाला, "तुंडुप, आचेला निरोप दे. मोजणीचे साहेब तिचं ओढ्यापलीकडचं शेळ्या कोंडायचं वाडगं बघणार आहेत. ते जुनं आहे, वापरात आहे हे दिसलं तरच यंदा ओढा ओलांडायला मिळेल."

मी गेलो. आचेने लोण्याचा खारा चहा ओतला, गप्पा रंगल्या, आणि मी अर्धाच निरोप दिला. "आचे, मोठे साहेब तुझं वाडगं बघायला येतायत."

"त्या घाणीत? अरे देवा! लोक काय म्हणतील?"

चार दिवस ती आणि तिची जाऊ राबल्या. वाडग्यात गुडघाभर लेंड्यांचा थर होता, तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून दाबून दाबून बसलेला. तो त्यांनी फावड्याने कापला, याकांवर लादला आणि सरपण म्हणून घरी आणला. जमीन झाडली. साहेबांना बसायला दगडावर गालिचा टाकला.

साहेबांबरोबर मीही गेलो. ओढ्यावरूनच ते लख्ख वाडगं दिसलं आणि मला निरोपाचा राहिलेला अर्धा भाग आठवला. साहेबांनी काठीने जमीन उकरली. खाली नुसती माती.

"बाई, इथे जनावरं बसत होती त्याची खूण कुठे आहे?"

"झाडली ना साहेब! तुम्ही येणार म्हणून."

साहेब माणूस वाईट नव्हता. गालिच्यावर बसला, चहा घेतला. "मला इथले फोटो वर पाठवायचे असतात," तो म्हणाला. "फोटोत काल बांधलेलं वाडगं दिसेल."

"थर सगळा घरी आहे, दाखवतो!" मी म्हणालो.

"शेणी तर घरोघरी असतात, भाऊ."

साहेब उठल्यावर आचे माझ्याकडे वळली. "ते कशासाठी येणार, हे तू बोलला नाहीस."

"विसरलो, आचे."

"तीन वाट्या चहा ढोसायला बरा विसरला नाहीस, गाढवा!" एवढं बोलून तिने दगडावरचा गालिचा गुंडाळायला घेतला. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

महिन्याभरात हुकूम आला: निर्णय होईपर्यंत कुणीही ओढा ओलांडायचा नाही. मग बर्फ पडलं. अलीकडचं गवत आठवड्यात गाडलं गेलं. मी रोज तिच्या मदतीला जाऊ लागलो, न बोलावता.

एका सकाळी तीनशेच्या तीनशे शेळ्या आपल्या आपण ओढ्याकडे निघाल्या. दरवर्षीची वाट, त्यांना कोण हुकूम वाचून दाखवणार? पलीकडे गवत पिवळं दिसत होतं आणि त्याच्यामागे पलीकडच्या मेंढपाळांचे चार नवे तंबू. आचेने गोफण फिरवली. दगड म्होरक्या शेळीच्या पुढ्यात पडला. ती थबकली, मागे वळून तिने आचेकडे बघितलं आणि पुन्हा ओढ्याकडे चालू लागली.

आचेने दुसरा दगड गोफणीत घातला. हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"तुंडुप, तू मार," ती म्हणाली. "ती गाभण आहे रे. मला नाही जमत."

मी गोफण घेतली.