माईंनी जोडलेल्या रेघा

अंबरनाथच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या हेमचंद्राला अठ्ठावन्न साली रेडिओचं खूळ लागलं, आणि तेही साधंसुधं नाही. तारा जोडून रेडिओ कुणीही करेल. याला आत एकही तार दिसायला नको होती. बेकेलाइटच्या फळीवर तांब्याचा पातळ पत्रा डकवायचा, त्यावर तैलरंगाने रेघा ओढायच्या आणि फळी तांबं खाणाऱ्या पाण्यात बुडवायची. रंगाखालचं तांबं तेवढं उरतं, त्याच तारा. ऐकायला झकास! पण त्या पाण्याने पहिल्याच दिवशी बायकोच्या, कुमुदिनीच्या, माहेरच्या पितळी ताटाला भोक पाडलं. तिने बजावलं, रविवारी माझ्या दादासमोर हा वाजला नाही, तर सगळी अडगळ भंगारवाल्याला देईन.

शनिवारी रेघा ओढून, फळी खिडकीत वाळत ठेवून हेमचंद्र आंघोळीला गेला. त्याच्या आईने, माईंनी, ती पाहिली. लेक रांगोळी काढायला लागला म्हणून त्यांना कोण कौतुक! पण रेघा मध्येच तुटलेल्या. अर्धवट रांगोळी घरात ठेवतात का कधी? माईंनी कुंचला उचलला नि सगळ्या फटी सांधून टाकल्या. या शहाण्याने धांदलीत न बघताच फळी पाण्यात सोडली.

रविवारी कुमुदिनीचा दादा श्यामकांत पोहे हाणून ऐसपैस बसला. रेडिओ ऐकायला कानाला लावायची एकच चकती होती. हेमचंद्राने ती लावली. आत ठार शांतता. फळी उलटून पाहतो तर सगळ्या रेघा एकमेकींच्या गळ्यात! आपणच जोडल्या, असं माईंनी अभिमानाने सांगितलं. तो दाढीच्या पात्याने फटी खरवडू लागला. कुमुदिनीने भंगारासाठी पोतं आणून ठेवलं. लेकाचा रडवेला चेहरा पाहून माई पुढे सरसावल्या.

"दे इकडे, आधी मी ऐकते," त्या म्हणाल्या. चकती कानाला लावून त्यांनी मान डोलवली, मांडीवर ताल धरला. श्यामकांतने हात पुढे केला, तर त्याला खुणेनेच गप्प बसवलं. तो निघेपर्यंत काही चकती सोडली नाही. बिचारा सूर न ऐकताच वाहवा करून गेला, आणि कुमुदिनीने पोतं घडी करून ठेवलं.

मग हेमचंद्राने अधीरपणे चकती कानाला लावली. आवाजाचा पत्ता नाही. त्याने आईकडे पाहिलं.

"मीच बिघडवला ना रे," माई हळूच म्हणाल्या, "मग मलाच नको का वाजवायला?"