बनियन वाचवणारं फडकं

बनियन जुना कधी होतो, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. माझ्या मते सात-आठ महिने धुतल्याशिवाय बनियन अंगाला बसतच नाही. मग कुठे कापड मऊ होतं, गळा सैल पडतो, काखेत एखादं भोक पडून वाऱ्याची सोय होते. नेमका त्याच वेळी तो माझ्या बायकोच्या डोळ्यांत भरतो. एके सकाळी आंघोळ करून मी कपाटात हात घालतो, तर बनियन जागेवर नाही. तो स्वयंपाकघरात असतो, चार तुकडे होऊन, आणि त्यातल्या एका तुकड्यानं कट्टा पुसणं चाललेलं असतं.

“अगं, चांगला होता की त्यो!”

“चांगला हाय म्हणून तर पाणी पितोय. नवं कापड पाणी पीत न्हाय.”

तिचं माहेर नेसरी. ती वाद घालत नाही, निकाल सांगते.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जन्म काढला, तोही तपासणी खात्यात. तयार झालेले लोखंडी भाग मोजायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे. मी एकदा बाद म्हटलं की मॅनेजरसुद्धा गप्प बसायचा. आणि घरात माझेच बनियन मला न विचारता बाद होत होते! रिटायर झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पाच गेले. पाचवा माझा सगळ्यात लाडका, पाठीवर जाळी झालेला. त्या दिवशी मी ठरवलं की दिवाळीच्या आत या बाईला असं देखणं फडकं करून द्यायचं, की पुन्हा ती माझ्या कपाटाकडे फिरकणार नाही.

आमच्या राजारामपुरीतल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्यांनी शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवलंय. त्यांच्या दारावर क्रोशाचं तोरण आहे, पाण्याच्या माठावर क्रोशाचं झाकण आहे, फोनलासुद्धा क्रोशाची पिशवी आहे. मी जाऊन म्हटलं, मला क्रोशा शिकायचाय.

“कुणासाठी?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, माझे बनियन संपत आलेत.”

त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि मला आत घेतलं.

आधी मी आलेखाच्या कागदावर नक्षी काढली. मधोमध आकाशकंदील, खाली झिरमिळ्या, दोन्ही बाजूंना पणत्या. एक चौकोन म्हणजे एक टाका. रंग चार: पिवळा, केशरी, राणी आणि पोपटी. दोरा आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “वहिनींनी कुठला नंबर सांगितलाय?” मी म्हटलं, वहिनी काय सांगणार, मीच विणणार आहे. त्यावर त्यानं इतक्या हळू आवाजात दोरे दाखवले, की आमच्या घरी कुणी आजारी आहे असं शेजारच्या गिऱ्हाइकाला वाटलं असावं.

रंगीत नक्षीचं काम म्हणजे सरळ डोक्याला ताप. एका रंगानं टाके घालताना दुसऱ्या रंगाचा दोरा त्याच टाक्यांच्या पोटातून लपवून पुढे न्यायचा. रंग बदलायचा तो पुढच्या टाक्याला नव्हे, आधीच्या टाक्याच्या शेवटच्या फासाला. हे कळायलाच मला आठवडा लागला. दोरा घट्ट ओढला की फडकं पुरीसारखं फुगायचं, सैल सोडला की पणतीच्या पोटातून कंदिलाचा दोरा डोकावायचा. बाई हात लावून बघायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, “उसवा.”

मी टाक्याची उंची मोजायला घरून व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेलो. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बडीशेपेच्या डब्याशेजारी ठेवला.

“भाऊ, बोटाला कळतंय ते. उसवा.”

उभ्या आयुष्यात मी जेवढं लोखंड बाद केलं, त्या सगळ्याचा सूड या बाई घेताहेत असं मला वाटायचं.

घरी मी सांगायचो की वर पेपर वाचायला जातो. पंधरा दिवस ते खपलं. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, “पेपर वाचून सदऱ्याला गुलाबी दोरे लागत्यात व्हय?” मग सांगावंच लागलं. पिशवीतून अर्धं फडकं काढून दाखवलं, तर ती हसत हसत खाली फरशीवरच बसली. “पंधरा दिवस? फडक्यासाठी? आवो, माझ्याकडं कात्री हाय की!”

मी पेटलो. त्यानंतर दिवाणावर उघड बसून विणायला लागलो. एकदा बेल वाजली म्हणून उठलो, तर चारही रंगांचे गुंडे खुर्चीच्या पायात अडकलेले, आणि मी खुर्चीसकट दार उघडायला गेलो. कुरिअरवाल्यानं पाकीट खुर्चीवरच ठेवलं.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी फडकं पुरं झालं. देण्याआधी मी आणखी एक हुशारी केली. साफसफाईच्या नावाखाली स्वयंपाकघरातली झाडून सगळी जुनी फडकी कचऱ्यात टाकली. परतीचा रस्ताच नको. मग फडकं तिच्या हातात दिलं.

तिनं ते आधी उलटं केलं. लोखंडाचा भाग मीही आधी असाच उलटा करायचो, कारण चूक मागच्या बाजूला असते. तिनं बोटानं एकेक रंगाची कड चाचपली.

“मागनंबी सुबक हाय की,” ती म्हणाली, आणि गॅसशेजारच्या खिळ्याला अडकवून टाकलं. मी मनातल्या मनात उरलेले बनियन मोजले. सुटले बिचारे!

दुसऱ्या दिवशी सहज हात लावून पाहिलं. फडकं कोरडं ठणठणीत. भाऊबीजेपर्यंत तसंच. ती कट्टा पदरानं पुसत होती.

भाऊबीजेला मेव्हणा आला. स्वयंपाकघरातच टेबलाशी फराळाला बसला. खिळ्याकडे बघून म्हणाला, “दाजी, ह्यो कुकर झ्याक काढलाय हां.”

“कुकर?” बायको कडाडली. “कंदील हाय त्यो! डोळं फुटल्यात व्हय तुझं?”

“न्हाय, शिट्टीगत दिसतंय वर काहीतरी,” म्हणत त्यानं शिट्टी दाखवायला हात उचलला, आणि कपातला चहा टेबलभर झाला. चहा चिवड्याच्या ताटलीकडे निघाला. मेव्हण्यानं लगबगीनं उठून खिळ्यावरचं फडकं ओढलं.

“ए! ठेव त्ये! हात लावू नगंस!”

“अगं आक्का, फडकंच हाय न्हवं?”

“फडकं न्हाय त्ये,” तिनं ते त्याच्या हातातून काढून छातीशी धरलं. “ह्यांनी केलंय.”

आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामाबद्दल ती असं बोललेली मी ऐकलं नव्हतं. चहा आता टेबलाच्या कडेवरून फरशीवर ठिबकत होता आणि घरात पुसायला एक चिंधी नव्हती. होत्या नव्हत्या त्या मीच फेकल्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती, पण मागत नव्हती.

मी उठलो, आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. वर दिवाळीचा नवा बनियन होता, कडक. त्याच्याखाली आठ महिन्यांचा, नुकताच अंगाला बसायला लागलेला. मी खालचा काढला, बाहेर येऊन तिच्या हातात दिला.

“घे,” मी म्हटलं. “चांगला हाय. पाणी पितोय.”