मामांचे ताठ पाय

गोळी घेतली की अर्ध्या तासात माझे मामा कन्हान नदीवर पोहोचायचे. नंदनवन वस्तीतल्या घरी, खाटेवरून न उठता. डोळे अर्धे मिटायचे, जीभ जड व्हायची आणि ते सांगायचे, "पाय पाण्यात सोडून बसलो आहो वं. मासोळ्या गुदगुल्या करून राहिल्या." मामांना जाऊन आता वर्ष होत आलं, मला ते अजून तिथेच बसलेले दिसतात.

कुहीच्या रस्त्यावर स्कूटर घसरून मणक्याला मार बसला, तेव्हापासून त्यांचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. मध्येच गोळे येत, पाय आपणहून झटके देत. गोळीने ते सैल पडत. पण मग उभंच राहवेना, वॉकर धरला तरी गुडघे दुमडत. डॉक्टरबाईंनी समजावलं, "काका, ही गोळी पायांवर नाही, मणक्यातल्या नसांवर काम करते. पायांना आवळायचे निरोप जातात, ते कमी करते. मेंदूलाही थोडी गुंगी येते. आणि तुम्ही उभे राहता ते त्या ताठपणाच्याच जोरावर."

"म्हणजे ज्याच्यासंग भांडण, त्याच्याच खांद्यावर हात," मामा म्हणाले.

मामांना माझ्या लग्नात उभं राहायचं होतं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. माझे वडील लवकर गेले, मला वाढवलं मामांनीच. त्यामुळे खुर्चीत बसणं त्यांना मंजूरच नव्हतं. गोळी एकदम बंद करायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती आधीपासून हळूहळू कमी केली. नदी आटली. मामा चहात साखर कमी पडली म्हणून मामीशी भांडू लागले.

लग्नात ते वॉकर धरून माझ्या मागे उभे राहिले. आमच्या आत्याबाईंना स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची भारी हौस. त्यांचं एक झालं, दुसरं झालं, मग सासरच्या काकूंनाही चेव आला. मागे वॉकर खडखडू लागला. मान न वळवता मी म्हटलं, "मामा, बसा ना."

"काहून? गाऊ दे त्यायले. मी उभा आहो."

शेवटची अक्षता पडेपर्यंत ते उभे होते.

पाठवणीच्या वेळी मी निरोप घ्यायला गेले, तर गोळी घेऊन मामा खुर्चीत पेंगत होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गोळी कमी केल्यापासून ते पाय असे मऊ कधी लागले नव्हते. मला रडू आवरेना. मामा डोळे न उघडताच पुटपुटले, "जपून उतर वं पोरी, पाणी खोल आहे. मी मागेच उभा आहो."