साखळी गाडीत होती

वादळ पहाटे ओसरलं. गल्लीत खांब आडवे, वीज गायब. थोटेकाका खिडकीच्या उजेडात दाढी करत होते. डावा हात कोपरापासून नव्हता. लोकांनी त्यावरून नाव पाडलं आणि लाइनमनची तीस वर्षांची नोकरी विसरून गेले.

एकाएकी दिवा लागला. परसात जनरेटर धडधडत होता. मुलाने त्याची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली होती, आणि मेन स्विच चालूच. म्हणजे वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत चालली होती. कोपऱ्यावर खांबाला शिडी लागलेली काकांनी मघाशीच पाहिली होती.

त्यांनी मेन खाली ओढला, जनरेटर बंद केला, वायर उपटून खांद्यावर टाकली.

"बाबा, पाच मिनिटं. टाकी भरली की बंदच करणार होतो."

हात गेला तेव्हा दवाखान्यात बेकरीवालाही हेच म्हणाला होता, पाच मिनिटांसाठीच जनरेटर लावला होता म्हणून. गावाने त्याला फाडून खाल्लं. दुकान गुंडाळून तो निघून गेला. काका गप्प राहिले. कारण लाइन बंद असली तरी हात लावण्याआधी सगळ्या तारा साखळीने जमिनीशी जोडायच्या, म्हणजे चोरून आलेली वीज मातीत जाते. त्या दिवशी साहेब घाई करत होते. कुणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही.

ते तडक कोपऱ्यावर गेले. लाइनमन अर्ध्या शिडीवर होता. साखळी बांधलीस का, काकांनी विचारलं.

"लाइन वरून बंद आहे, काका. साखळी गाडीत राहिली. सकाळपासून हा सातवा खांब, पोटात कावळे ओरडताहेत."

"उतर."

तो हसला. पेन्शन घ्या आणि आराम करा, म्हणाला. खाली चारपाच शेजारी जमले होते, तेही हसले.

काकांनी रिकामी बाही वर सारली.

"माझीही गाडीतच होती."

हसणं थांबलं. लाइनमन मुकाट्याने उतरला, साखळी घेऊन आला. ती चारी तारांवर नीट बसेपर्यंत काका तिथेच उभे राहिले. एक आकडा ढिला होता, तो परत बसवायला लावला.

ते घरी पोचायच्या आत बोलणं पोचलं होतं. म्हणजे बेकरीवाल्याला उगाच देशोधडीला लावलं, शेजारीण कुंपणावरून काकांच्या सुनेला सांगत होती. उगाच नव्हे, काकांच्या मनात आलं, निम्मा दोष त्याचाही होता. पण ते निम्मं आता ऐकणार कोण?

मुलगा बादलीने पाणी वाहत होता. बापाकडे न बघता बाजूने गेला.

काका आरशासमोर बसले. अर्ध्या गालावरचा फेस वाळून गेला होता.